फ्रिजमधलं मटण: वास येत नाही म्हणून खायचं का?

धुळवड झाली की या सदराकडे मटण-चिकनची पत्रं यायला लागतात आणि ऊन चढतं तशी ती वाढतच जातात, म्हणून या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हाच विषय घेतलाय. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं कोणाचीच छापलेली नाहीत, फक्त नागपुरातला भाग लिहिलाय.

प्रश्न – ताई, धुळवडीच्या सकाळी यांनी अडीच किलो मटण आणलं. पाहुणे येणार होते ते आलेच नाही, म्हणून अर्धं शिजवलं आणि अर्धं कच्चंच डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं. आज चौथा दिवस आहे. वास काहीच येत नाही, रंग थोडा काळपट वाटून राहिला. हे म्हणतात स्वच्छ धू आणि चांगल्या सहा शिट्ट्या घे, काही होत नाही. सासूबाई म्हणतात फेकून दे. मटणाचे भाव बघता फेकायची हिंमत होत नाही. काय करू? (मानेवाडा)

उत्तर – सासूबाईंचं ऐका, एवढंच तुम्हाला त्याच दिवशी मेसेज करून कळवलं होतं, आता कारण नीट सांगते, कारण हा प्रश्न घरोघरी आहे.

मटण नासवणारे बॅक्टेरिया आणि माणसाला आजारी पाडणारे बॅक्टेरिया बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. वास सुटतो, हाताला चिकट लागतं ते स्यूडोमोनाससारख्या बॅक्टेरियांमुळे, त्यांना फ्रिजची थंडी चालते आणि ते आतमध्येसुद्धा हळूहळू वाढत असतात. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असले जे माणसाला सलाईनवर नेतात ते ना वास सोडत, ना रंग बदलत, ना चव. त्यामुळे वास आला तर फेकायचंच, त्यात दुसरा विचार नाही, पण वास आला नाही म्हणजे चांगलं आहे असा उलटा अर्थ काढायचा नाही. नाकाला जे कळूच शकत नाही त्याच्या भरवशावर घरातल्या लहान पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना कसं जेवू घालायचं? हे मी दर उन्हाळ्यात लिहिते आणि पुढेही लिहीत राहणार आहे.

मग ठरवायचं कशावरून, तर किती वेळ झाला आणि तो वेळ किती थंडीत गेला यावरून. फ्रिज 4 डिग्री किंवा त्याच्या खाली असेल तर कच्चं चिकन, कुठलाही खिमा, कलेजी-भेजा-वजडी 1 ते 2 दिवस, मटणाचे तुकडे 3 ते 5 दिवस आणि शिजवलेलं काहीही 3 ते 4 दिवस, अशी मुदत साधारणपणे धरतात. आता तुम्ही म्हणाल, मग चौथा दिवस यात बसतो की. गोम इथेच आहे. ही 3 ते 5 दिवसांची मुदत बोकड कापल्याबरोबर थंड केलेल्या आणि दुकानातही थंडच ठेवलेल्या मटणाची आहे. आपल्याकडे धुळवडीच्या सकाळी काय चित्र असतं ते आठवा. पहाटे कापलेलं बोकड हुकाला लटकलेलं, समोर गल्लीच्या तोंडापर्यंत रांग, त्याच ओंडक्यावर, त्याच सुऱ्याने, त्याच फडक्याने पुसून सगळ्यांचे तुकडे, मग ते पातळ काळ्या पन्नीत गाठ मारून गाडीच्या हँडलला, आणि वाटेत रंग खेळणारे मित्र भेटले की गाडी स्टँडवर, मटण उन्हात. मार्चच्या दुपारी नागपूर सहज 35 डिग्रीच्या वर असतं. हवा 32 डिग्रीच्या वर असेल तर मटण बाहेर 1 तास, त्याहून थंड असेल तर 2 तास, यापुढे नाही, आणि हा हिशोब दुकानात कापल्यापासून फ्रिजचं दार लावेपर्यंतचा सगळा मिळून करायचा, ओट्यावर ठेवलेली वेळसुद्धा त्यात धरायची. 5 ते 60 डिग्रीच्या मधे बॅक्टेरिया भराभर वाढतात, त्यांना हवी तशी गरमी मिळाली तर 20 मिनिटांत एकाचे दोन होतात म्हणजे 3 तासांत एकाचे 500 च्या वर. फ्रिजमध्ये गेल्यावर ही वाढ मंदावते, पण आधी झालेली वाढ काही कमी होत नाही. म्हणून आपल्या बाजारातलं ताजं मटण असेल तर मी 2 दिवसच धरते, दोन दिवसांत शिजणार नसेल तर आणल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका म्हणते.

आता सहा शिट्ट्यांचं. कुकरमध्ये टेम्परेचर 120 डिग्रीच्या आसपास जातं, त्यात बॅक्टेरिया मरतात हे तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा एक बॅक्टेरिया आहे जो आपल्याच नाकात, कातडीवर, बोटाच्या पिकलेल्या जखमेत असतो, तो हात लागून अन्नात गेला आणि तिथे गरमीत वाढला की विष तयार करतो, आणि बॅक्टेरिया मेला तरी ते विष शिजवल्याने जाईलच याचा भरवसा नाही. म्हणून बाहेर गरमीत पडून राहिलेलं मटण नंतर कितीही शिजवलं तरी त्याची खात्री देता येत नाही. लिंबू चोळणं, हळद-मीठ लावून ठेवणं, व्हिनेगरमध्ये भिजवणं याने वास दबतो, बाकी काहीच होत नाही, उलट वास दबल्याने जी एक खूण मिळाली असती तीही जाते. दह्यात मुरवलेल्या चिकनचंही तेच, दही-मसाला लावलाय म्हणून ते चार दिवस टिकतं असं नाही, कच्च्या चिकनचे 2 दिवस म्हणजे 2 दिवस.

आणि भावाचं म्हणाल तर तुमची तगमग मला कळते, एवढ्या महागाचं मटण कचऱ्यात टाकताना हात थरथरतो. पण घरात चौघांना जुलाब लागले तर डॉक्टरची फी, औषधं आणि बुडालेली रोजी हे सगळं त्याच्या कितीतरी पट होतं. पुढच्या वेळी पाहुण्यांचं पक्कं नसेल तर आणल्याबरोबर अर्ध्या-अर्ध्या किलोचे पुडे करा, चपटे करून फ्रीझरमध्ये घाला, वर तारीख लिहा. तारीख लिहिलीच पाहिजे, कारण कोणत्या दिवशी आणलं यावर घरात नेहमी वाद होतो.

प्रश्न – सदर भागातल्या एका दुकानातून पॅक केलेला खिमा आणला. वरून छान लाल होता, घरी येऊन फोडला तर आतमध्ये तपकिरी. जुना माल वरून ताजा लावून विकला असं वाटून राहिलं. खरं काय? (जरीपटका)

उत्तर – नुसत्या रंगावरून दुकानदारावर आळ घेऊ नका. मांसात मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याला हवा लागली की ते लालभडक दिसतं, आतल्या भागात पुरेशी हवा पोचत नाही म्हणून तिथे ते जांभळट किंवा तपकिरी होतं. त्यात बिघाड असेलच असं नाही. तसंच हवा काढून पॅक केलेल्या पाकिटातून फोडल्याबरोबर एक आंबूस दर्प येतो, तो पाच-दहा मिनिटांत उडून गेला तर ठीक, तसाच राहिला तर नाही.

खरी परीक्षा बोटाची. एक तुकडा हातात घ्या, अंगठा आणि बोट त्यावर दाबून हळूच सोडा. ताजं मटण ओलसर लागतं पण बोटं मोकळी सुटतात. बिघडायला लागलेल्या मटणावर बुळबुळीत थर असतो, बोटं सुटताना बारीक तार येते, पाण्याखाली धरलं तर थर गेल्यासारखा वाटतो आणि दोन मिनिटांनी परत हाताला तीच बुळबुळ लागते. हे झालं की प्रश्न संपला. हिरवट झाक, चिकनला गंधकासारखा वास, पुडी फुगलेली, यातलं काहीही असेल तर घासाएवढंही चाखून बघू नका. चाखून बघायची सवय आपल्या बायकांना फार आहे.

खिम्याबद्दल मात्र जास्त सावध राहा. अख्ख्या तुकड्यावर बॅक्टेरिया मुख्यत: वरच्या बाजूला असतात, खिमा करताना मशीनमधून तीच वरची बाजू सगळीकडे मिसळली जाते, त्यात मशीन दिवसभरात किती वेळा धुतलं जातं तेही बघा. म्हणून खिमा समोर करून घ्यायचा आणि त्याच दिवशी शिजवायचा, 2 दिवस म्हणजे अगदी शेवटची हद्द.

प्रश्न – घरी सावजी मटण केलं होतं, मोठा गंजभर (पातेलंभर) रस्सा. रात्री 10 ला जेवणं झाली, गंज ओट्यावरच झाकून ठेवला, गरम गंज फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात ना. सकाळी उठून गॅसवर गरम केला, दुपारी सगळ्यांनी खाल्ला आणि रात्री तिघांच्या पोटात मुरडा आणि जुलाब. शेजारचे म्हणतात तिखट जास्त झालं असेल. एवढं तिखट तर आम्ही नेहमीच खातो. (पाचपावली)

उत्तर – पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण दुपारी खाल्लं, सात-आठ तासांनी मुरडा-जुलाब, उलट्या-तापाचा उल्लेख नाही, आणि आदल्या रात्रीचा गंजभर रस्सा बाहेर, हे सगळं क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या बॅक्टेरियाशी बरोबर जुळतं. तिखटाला दोष देऊ नका. हा बॅक्टेरिया मोठ्या भांड्यात शिजवलेल्या मटणाच्या मागेच लागलेला असतो, लग्नाच्या पंगतीत, भंडाऱ्यात अचानक खूप लोकांना जुलाब लागतात त्यात पुष्कळदा हाच असतो.

तो कसा वागतो ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. याचे बीजाणू असतात, म्हणजे कडक कवचात झोपून राहिलेले बॅक्टेरिया, ते उकळीतही मरत नाहीत, रस्सा शिजला तरी ते तळाशी तसेच पडून. आपण गॅस बंद करतो, रस्सा निवायला लागतो, 50 डिग्रीच्या खाली आला की ते जागे होतात आणि 43 ते 47 डिग्रीला त्यांचा वेग इतका असतो की दहा-बारा मिनिटांत दुप्पट. त्यांना हवा नको असते, आणि उकळलेल्या रश्श्यातली हवा आधीच निघून गेलेली असते. आता सावजीचा गंज डोळ्यासमोर आणा, दाट मसाला, तळाशी हाडाचे तुकडे, वर बोटभर तर्री. तर्रीच्या थराने वाफ कोंडून राहते, झाकण वेगळं, बाहेर नागपूरची रात्र, असा गंज पहाटेपर्यंत कोमटच असतो. म्हणजे त्या बॅक्टेरियाला हवी तीच गरमी रात्रभर मिळाली. सकाळी गरम करताना कडेला बुडबुडे आले, वास सुटला की आपण गॅस बंद करतो, मधले तुकडे तेवढे तापतच नाहीत. सगळा रस्सा ढवळत खळखळ उकळला असता तर हे बॅक्टेरिया मेले असते, तरी पहिल्या उत्तरात लिहिलेलं ते स्टॅफिलोकॉकसचं विष असेल तर ते राहिलं असतं, त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा उकळून वाचवायचा नादच करायचा नाही. ज्या भोजनालयात गंज सतत आचेवर वाफाळत असतो तिथे रस्सा 60 डिग्रीच्या वर राहतो म्हणून चालतं. धोका कोमटपणात आहे.

गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये हे अर्धं खरं आहे. अख्खा गंज ठेवला तर फ्रिजमधलं बाकीचं सगळं तापतं आणि रश्श्याचा मधला भागही थंड व्हायला तासन्‌तास लागतात. म्हणून जेवणं झाल्याबरोबर रस्सा पसरट, उथळ डब्यांमध्ये काढायचा, तीन बोटांपेक्षा जास्त खोली नको, मोठे तुकडे वेगळे, डबे परातीत थंड पाणी आणि बर्फ टाकून त्यात ठेवायचे, चमच्याने ढवळायचं, कुलरची हवा लागत असेल तर तिथे ठेवायचं. अर्ध्या तासात हाताला कोमट लागतो, तसाच फ्रिजमध्ये ठेवून द्या, पूर्ण गार व्हायची वाट बघू नका. उन्हाळ्यात गॅस बंद केल्यापासून तासाभरात आणि थंडीत 2 तासांत हे व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी जेवढं खायचं तेवढंच काढून उकळा. रोज तोच गंज काढायचा, गरम करायचा, परत ठेवायचा हे सगळ्यात वाईट, दर वेळी तो त्या मधल्या गरमीतून दोनदा जातो.

पोट बिघडलं तर ओआरएस घोट घोट देत राहा, जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने घेऊ नका. शौचात रक्त दिसलं, ताप 39 च्या पुढे गेला, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी झाली, चक्कर येते किंवा 3 दिवस झाले तरी जुलाब थांबत नाहीत, तर लगेच डॉक्टर. लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस, शुगर किंवा किडनीचा पेशंट असेल तर यातल्या कशाचीच वाट बघायची नाही.

प्रश्न – माझा फ्रिज बारा वर्षांचा आहे, चालू आहे, पाणी थंड होतं. पण चिकन दुसऱ्याच दिवशी वास मारतं. फ्रिज खराब की चिकनवाला? (नंदनवन)

उत्तर – पाणी थंड लागतं म्हणजे 4 डिग्री आहे असं नाही, उन्हातून आलेल्या माणसाला 12 डिग्रीचं पाणीही बर्फासारखं लागतं. फ्रिजचा थर्मामीटर मिळतो, फार महाग नसतो, तो पाण्याच्या ग्लासात घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर बघा. 4 च्या वर दाखवला तर सेटिंग वाढवा. बहुतेक फ्रिजवर आकडा मोठा म्हणजे थंडी जास्त, तरी स्वत:च्या फ्रिजचं पुस्तक बघून घ्या. हिवाळ्यात ठेवलेलं सेटिंग मे महिन्यात तसंच राहतं ही घरोघरची गोष्ट आहे. आपल्याकडे 2013 मध्ये 23 मे ला 47.9 डिग्री नोंदलं गेलं होतं, दर वर्षी तेवढं होत नसलं तरी नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद स्वयंपाकघरात फ्रिजची काय दमछाक होत असेल विचार करा. मागच्या जाळीवरची धूळ काढा, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे घ्या, दाराचं रबर सैल झालंय का ते एक कागद दारात अडकवून ओढून बघा, सहज निघाला तर रबर बदलायला आलंय.

आणि चिकन ठेवता कुठे? दारात ठेवत असाल तर ती सगळ्यात गरम जागा आहे, तिथे सॉस आणि पाण्याच्या बाटल्या ठेवा. कच्चं मटण-चिकन सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पन्नीतून गळणारं पाणी खालच्या सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीवर पडलं तर सांबार आपण कच्चाच वरून भुरभुरतो आणि साल्मोनेला त्याच्याबरोबर थेट ताटात येतो. फ्रिज ठासून भरू नका, हवा फिरायला जागा हवी. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी वास आला तर चिकनवाला बदला, आणि शक्यतो समोर कापून घ्या.

प्रश्न – मागच्या मे मध्ये वादळात झाड पडून आमच्याकडे रात्री 9 ला लाईन गेली ती पहाटे 5 ला आली. फ्रीझरमध्ये 3 किलो मटण, खाली रात्रीचं चिकन. सगळं तसंच वापरलं, काही झालं नाही. पण चूक होतं का? (काटोल रोड)

उत्तर – फ्रीझरमधलं बहुतेक ठीक होतं, खालचं चिकन ठीक नव्हतं. दार अजिबात उघडलं नाही तर फ्रिजचा खालचा भाग साधारण 4 तास थंडी धरतो, ठासून भरलेला फ्रीझर 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास. हे आकडेही आपल्या मे महिन्याच्या मानाने सैलच धरायला हवेत, आणि आत काय झालंय बघू म्हणून टॉर्च घेऊन दार उघडलं की सगळाच हिशोब बदलतो. तुमच्याकडे 8 तास लाईन नव्हती, म्हणजे ते शिजवलेलं चिकन टाकायला हवं होतं. एकदा काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं नसतं.

फ्रीझरमधल्या मटणाला आतून बर्फाचे कण लागत असतील, पुडा कडक असेल तर परत गोठवायला हरकत नाही. मऊ पडून पाणी सुटलं असेल आणि किती वेळ तसं होतं माहीत नसेल तर नाही. गावाला जाताना एक उपाय करून ठेवा, वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर ठीक, तळाशी गोठलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलं हे नक्की. मग फ्रीझर कितीही कडक थंड दिसला तरी आतलं मटण गेलं.

प्रश्न – मुलगी पुण्याला शिकते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाते, एसी गाडी असते. सोबत सावजी मटणाचा डबा दिला तर चालेल का? तिला तिथलं जेवण आवडत नाही. (अयोध्यानगर)

उत्तर – आईचा जीव कळतो हो मला, पण नुसता डबा देऊ नका. एसी गाडीतही पंचवीसेक डिग्री असते, ती माणसाला गार, मटणाला नाही. संध्याकाळी घरून निघून सकाळी होस्टेलवर पोचेपर्यंत बारा-चौदा तास होतात आणि नियम 2 तासांचा आहे.

द्यायचंच असेल तर आदल्या दिवशी करून, उथळ डब्यात लवकर थंड करून, फ्रीझरमध्ये दगडासारखं घट्ट गोठवा, थर्मलच्या पिशवीत आइस पॅक दोन्ही बाजूंनी लावून द्या, आणि तिला बजावून सांगा की पोचल्यावर मधे बर्फ शिल्लक असेल, डबा हाताला गार लागत असेल तरच खायचं, लगेच खळखळ उकळायचं आणि होस्टेलच्या मैत्रिणींबरोबर त्याच दिवशी संपवायचं. तिच्याकडे फ्रिज किंवा गॅस नसेल तर हा खटाटोपच नको. माझं ऐकाल तर सावजीचा सुका मसाला भाजून, कुटून बरणीत द्या, मटण ती तिथे ताजं घेईल, फोनवर तुम्ही सांगाल तसं करेल.

प्रश्न – सून सहा महिन्यांची गरोदर आहे, तिला फ्रिजमधलं थंड तंदुरी चिकन आणि सलामी तशीच खायची सवय आहे. चालतं का? (प्रतापनगर)

उत्तर – नाही, आणि या बाबतीत तिला प्रेमाने पण ठाम सांगा. लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बाईला त्याचा संसर्ग व्हायची शक्यता इतरांच्या जवळजवळ 10 पट असते, तिला स्वत:ला नुसती कणकण वाटते पण बाळाला फार मोठा धोका असतो, गर्भपातापर्यंत. शिजवल्याने तो मरतो. म्हणून चिकन, सलामी, सॉसेज जे काही असेल ते आतपर्यंत वाफाळेल इतकं गरम करूनच द्या, मायक्रोवेव्ह असेल तर मधे एकदा हलवून परत फिरवा कारण त्यात एक बाजू तापते आणि एक थंड राहते. शिळं न देता ताजंच करून दिलं तर सगळ्यात उत्तम.

प्रश्न – मी मिहानला नोकरी करते. सकाळी फ्रीझरमधलं चिकन काढून ओट्यावर ठेवते, संध्याकाळी 7 ला येऊन करते. शिवाय एका पुड्यावर तारीखच नाही, सहा महिने तरी झाले असतील, पांढरे डाग पडलेत. ते खावं का? आणि चिकन किती पाण्याने धुवावं? (मनीषनगर)

उत्तर – ओट्यावर ठेवणं आजपासून बंद करा. आत बर्फ असतो तेव्हाच बाहेरचा भाग तासाभरात खोलीइतका गरम झालेला असतो, उरलेला दिवस बॅक्टेरियाच वाढतात. रात्री झोपताना पुडा फ्रीझरमधून काढून डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सुटतो. विसरलात तर पाणी आत जाणार नाही अशा घट्ट पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, किलोभर चिकन दोनेक तासांत सुटतं, आणि लगेच शिजवा. फ्रिजमध्ये सुटलेलं चिकन नको असेल तर परत गोठवता येतं, चव थोडी उतरते. पाण्यात किंवा ओट्यावर सुटलेलं कच्चं परत गोठवू नका.

पांढरे कोरडे डाग थंडीने वाळल्याचे असतात, त्याने अपाय होत नाही, तेवढा भाग चामट लागतो, कापून टाका. फ्रीझर खरोखर उणे 18 डिग्रीला असेल आणि मधे कधी वितळलं नसेल तर सहा महिन्यांचं चिकन धोक्याचं नाही. चवीसाठी म्हणाल तर चिकनचे तुकडे 9 महिने, खिमा 3-4 महिने, शिजवलेला रस्सा 2-3 महिने एवढ्यात संपवावा. एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा मात्र अनेकदा उणे 18 पर्यंत जातच नाही, त्यात महिनोन्‌महिने मटण साठवू नका.

धुण्याबद्दल पुष्कळ जणांना पटत नाही तरी सांगते. नळाखाली चिकन धुतल्याने बॅक्टेरिया जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर, तुमच्या हातांवर उडतात. ते मरतात शिजताना, चिकनचा आतला भाग 74 डिग्रीला गेला पाहिजे, मांड्यांच्या सांध्याशी सुरी टोचली तर रस स्वच्छ यायला हवा, पण मोठा तुकडा असेल तर थर्मामीटरनेच खात्री होते. धुतल्याशिवाय मन मानतच नसेल तर नळ न सोडता पातेल्यातल्या पाण्यात हळूच खालवर करा, ते पाणी अलगद ओता, मग सिंक, ओटा, पाट, सुरी आणि हात साबणाने धुवा आणि त्यानंतरच सांबार-कांदा चिरायला घ्या.